कूलंट कमी होतंय? टाकी भरण्याआधी गळती शोधा

टाकीतलं कूलंट खालच्या खुणेखाली गेलेलं दिसलं की आपण बाटली आणतो, वरच्या खुणेपर्यंत भरतो आणि बॉनेट बंद करतो. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग एखाद्या वेळी बाटली हाताशी नसते म्हणून नळाचं पाणी पडतं, आणि त्यानंतर पाणीच पडत राहतं. मे महिन्यात चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढताना लाल दिवा लागतो. जे काम एका क्लिपवर भागलं असतं, ते तोवर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडण्यापर्यंत गेलेलं असतं.

कूलंट इंजिन ऑइलसारखं थोडंथोडं जळत नाही. ते बंद वाटेने फिरतं: इंजिनातली उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि परत इंजिनात जातं. ते सारखं कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर पडतंय, नाहीतर इंजिनाच्या आत शिरतंय. तिसरी शक्यता जवळजवळ नसतेच.

चूक होते ती क्रमात. लोक आधी भरतात, मग गरम इंजिनावर गळती शोधतात, मग अंदाजाने रेडिएटर बदलतात. खरा क्रम असा: इंजिन थंड करा, पातळी टाकी आणि रेडिएटर दोन्ही ठिकाणी पाहा, घट मोजा, थंड इंजिनावर दाब देऊन जागा शोधा, तेवढीच जागा दुरुस्त करा, हवा काढून भरा, आणि पुन्हा दाब द्या. खाली याच क्रमाने लिहिलं आहे. हे पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी थंड ठेवणारी वेगळी वाट असते, काहींत वेगळ्या प्रकारचं कूलंट लागतं आणि शेजारी नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या विजेच्या तारा असतात. तिथे घरी हात घालू नका.

## टप्पा १: इंजिन थंड होऊ द्या, तोवर सामान जमवा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि निदान दोन तास थांबा. रात्रभर थांबलात तर उत्तम. इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, हाताने दाबून पाहा. तो गार लागला पाहिजे आणि सहज दबला पाहिजे. कडक लागला तर आत अजून दाब आहे.

इशारा: गरम इंजिनावर टोपण कधीही उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही. टोपणावर ०.९, १.१ किंवा १.४ असा आकडा असतो. तो दाब बारमध्ये असतो. १.१ बार दाबाखाली साधं पाणीही १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. टोपण फिरवताच दाब जातो आणि आतलं सगळं पाणी त्याच क्षणी उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उसळतं. अशी भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

लागणारं सामान: चांगली टॉर्च, पांढरे टिश्यू किंवा जुन्या पांढऱ्या बनियनचं फडकं, मोठा पुठ्ठा, छोटा आरसा, मार्कर पेन, मिलीच्या खुणा असलेलं माप, रबरी हातमोजे, पसरट भांडं. टप्पा ५ साठी प्रेशर टेस्टर लागतो. तो सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, त्याला दाब दाखवणारी तबकडी आणि वेगवेगळ्या गाड्यांना बसणारी टोपणं असतात. घरी नसला तर बऱ्याच गॅरेजांत मिळतो.

इशारा: रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक सुरू होतो. पंख्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

इशारा: बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. अंगणात सांडलेलं कुत्रा, मांजर चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. घरात लहान मूल असेल तर कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. कुणाच्या पोटात गेलं तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.

## टप्पा २: तुमची टाकी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात, आणि पुढचा अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार: दाबाचं धातूचं टोपण रेडिएटरवरच असतं आणि बाजूला प्लास्टिकची साधी बाटली असते. बाटलीचं झाकण नुसतं दाबून बसतं. कूलंट तापून फुगलं की जास्तीचं या बाटलीत येतं आणि गार झालं की टोपणातल्या छोट्या झडपेतून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. अनेक जपानी धाटणीच्या छोट्या गाड्या अशा आहेत.

दुसरा प्रकार: रेडिएटरवर टोपणच नसतं. जाड प्लास्टिकची टाकी असते, तिला आट्यांचं टोपण असतं आणि टाकी स्वतःच दाबाखाली असते. युरोपीय धाटणीच्या गाड्या आणि बऱ्याच एसयूव्ही अशा असतात.

पहिल्या प्रकारात बाटली भरलेली दिसते म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असं समजू नका. टोपणाचं रबर फाटलं असेल किंवा कुठून हवा आत येत असेल, तर गार होताना कूलंट बाटलीतून परत ओढलं जातच नाही. बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होतं. अशा गाडीत थंड इंजिनावर रेडिएटरचं टोपण उघडून कूलंट तोंडापर्यंत आहे का ते स्वतः बघावंच लागतं.

तपासणी: टोपण उघडलंच आहे तर ते उलटं करून पाहा. खालची रबरी चकती लवचिक हवी, चिरलेली किंवा कडक नको. मधली छोटी झडप बोटाने ओढली की हलून परत बसायला हवी. शंका वाटली तर टोपण बदला, पण त्याच आकड्याचं. १.१ ऐवजी ०.९ लावलं तर कूलंट लवकर उकळतं, आणि जास्त आकड्याचं लावलं तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे ताणले जातात.

टोपण दाब धरत नसेल तर सपाट रस्त्यावर ते कळतही नाही. वाईत नीट चालणारी गाडी पसरणी घाटात उकळते, ती अनेकदा यामुळेच. चढावर इंजिनाची उष्णता वाढते, आणि उंचीवर उघडं पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे साधारण १३५० मीटरला, ते ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. हा फरक भरून काढायचं काम त्या टोपणाचंच असतं.

## टप्पा ३: किती घटतंय ते मोजा

सकाळी, इंजिन गार असताना टाकीवर मार्करने पातळीची रेघ ओढा आणि तारीख व किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी वापरा. आठ दिवसांनी तशाच गार इंजिनावर पुन्हा पाहा आणि रेघेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाने मोजा.

गरम इंजिनावरची पातळी गारच्या पातळीपेक्षा वर असते, म्हणून संध्याकाळी पाहून सकाळशी तुलना करू नका. वर्षभरात बोटभर घटलं तर काळजी नाही. आठवड्याला शंभर मिली घटत असेल तर शोधलंच पाहिजे. रोज भरावं लागत असेल तर मोजत बसू नका, गाडी उभी करा.

गाडीखाली ओल दिसली म्हणजे कूलंटच असं नाही. एसीचं पाणी बहुतेक गाड्यांत केबिनच्या पुढच्या भिंतीजवळ, मधोमध किंवा डाव्या बाजूला ठिबकतं. ते नितळ, बिनवासाचं असतं आणि बोटावर लगेच वाळतं. कूलंट रंगीत, गोडसर वासाचं आणि किंचित चिकट असतं. पांढऱ्या टिश्यूने टिपलं की रंग उमटतो. पावसाळ्यात खालची फरशी कायम ओली असते, म्हणून पुठ्ठा वापरा.

## टप्पा ४: डोळे, नाक आणि बोटं

टॉर्च घेऊन वरून खाली या. थेंब खाली पडतो, पण गळतीची जागा नेहमी त्याच्या वर असते आणि गाडी पळताना वारा तो थेंब मागे ढकलतो. म्हणून ओल जिथे दिसली तिथे न थांबता तिचा माग वर काढा.

वाळलेलं कूलंट मागे पापुद्रा ठेवतं: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, मिठागरासारखा. ओल नसली तरी हा पापुद्रा जागा सांगतो. या ठिकाणी नीट पाहा:

- होजची दोन्ही टोकं, क्लिपच्या आतली कड. होज दाबून पाहा. कडकड वाजला, अतिशय मऊ पडला असेल किंवा फुगलेला असेल तर बदला.
- रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या जिथे दुमडून बसवलेल्या असतात ती शिवण. वय झालेल्या रेडिएटरची पहिली गळती बहुधा इथे.
- थर्मोस्टॅटच्या घराभोवती. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.
- वॉटर पंप. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून येतं. जुना वाळका डाग एकवेळ चालेल, पण ओला ओघळ दिसला तर पंप संपला. हे भोक कधीही बुजवू नका. ते बुजवलं तर कूलंट बेअरिंगमध्ये जातं.
- प्लास्टिकच्या टाकीची शिवण आणि तळ.
- इंजिन ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या चकत्या. वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलेल्या गाडीत त्या आतून गंजतात.
- केबिन. डाव्या सीटपुढचा गालिचा उचलून खाली हात लावा. ओलसर, चिकट लागला, हीटर लावल्यावर गोड वास आला, काचेवर पुसून न जाणारी तेलकट वाफ धरली, तर हीटरची छोटी जाळी गळतेय.

तपासणी: संशयाची जागा सापडली की लगेच पाना उचलू नका. ती कोरडी पुसा, मोबाइलवर फोटो काढा आणि पुढचा टप्पा करा. बऱ्याचदा जागा दोन असतात.

## टप्पा ५: थंड इंजिनावर दाब द्या

सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि याच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण याच्या अभावी मी एक चांगला रेडिएटर फुकट बदलला.

माझ्या दहा वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये एका हिवाळ्यात आठवड्याला साधारण दीडशे मिली कूलंट घटत होतं. नाशिकची डिसेंबरची थंडी. दोन गॅरेजांत दाखवली. दोन्हीकडे गाडी चालवतच नेली, म्हणजे इंजिन तापलेलं. दोघांनीही वाकून पाहिलं, सगळं कोरडं. एकाने रेडिएटर बदलायला सांगितला, मी बदलला. घट तशीच. शेवटी एका रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला आणि सकाळी सहाला गाडी सुरू न करता बॉनेट उघडलं. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या नळीवर वरचा होज बसतो तिथे, रबराच्या कडेला हरभऱ्याएवढा गुलाबी थेंब लटकत होता. बोटाला गार लागला, किंचित चिकट. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग.

मागे कधीतरी कुणीतरी मूळची स्प्रिंगची क्लिप काढून स्क्रूची बसवली होती. रबर आणि नळी थंडीने आकसली की स्प्रिंगची क्लिप त्यांच्याबरोबर आवळत जाते. स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते. रात्री सगळं आकसून फट पडायची, सकाळी इंजिन तापलं, रबर फुगलं की फट मिटायची. गरम गाडीवर ते कुणालाच दिसणं शक्य नव्हतं.

म्हणून दाब गार इंजिनावरच द्या:

1. कूलंट पूर्ण पातळीपर्यंत भरा. रिकाम्या भागात दाब दिला तर हवा निसटते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.
2. टेस्टरचं योग्य टोपण बसवा आणि हळूहळू पंप करा. तुमच्या टोपणावरचा आकडा आला की थांबा.
3. काटा कुठे आहे ते लिहा आणि पंधरा मिनिटं थांबा.
4. काटा उतरला तर टॉर्च आणि आरसा घेऊन टप्पा ४ मधली प्रत्येक जागा पुन्हा पाहा. आता थेंब येताना दिसेल.
5. काटा उतरतोय, पण बाहेर कुठेच ओल नाही? केबिनचा गालिचा पाहा. तोही कोरडा असेल तर टप्पा ६.
6. त्याच टेस्टरवर टोपणही लावून तपासा.

इशारा: आकड्याच्या वर दाब देऊ नका. "जरा जास्त मारला की लवकर सापडतं" असं म्हणत चांगला होज फाडलेला मी पाहिला आहे. उतरवताना आधी टेस्टरमधला दाब सोडा, मगच तो काढा.

गॅरेजात हे करून घ्यायचं असेल तर आदल्या रात्री गाडी तिथेच ठेवा आणि सरळ सांगा, "दादा, सकाळी सुरू करायच्या आधी प्रेशर लावा, आणि कुठून येतंय ते मला दाखवा." दाखवल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू देऊ नका.

गळती फारच बारीक असेल तर कूलंटमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो. तो घालून दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. गळतीची जागा पोपटी चमकते.

## टप्पा ६: बाहेर काहीच दिसत नसेल तर

मग कूलंट इंजिनाच्या आत जातंय का ते पाहायचं. खुणा अशा: सकाळी गाडी सुरू केल्यावर दाट पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि ज्याला गोडसर वास असतो. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर, दुधाळ कॉफीसारखं ऑइल. गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच कडक होणारा होज. टाकीत सतत येणारे बुडबुडे.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडी पिवळसर साय दिसली म्हणून घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तशी साय धरते. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ असेल तर ती बाष्पाची.

खात्रीसाठी गॅरेजात एक चाचणी होते: टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा तिच्यातून ओढतात. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळट किंवा हिरवट होतो. तसा झाला तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं आहे, किंवा हेडला तडा आहे. डिझेल गाडीत आणखी एक जागा असते, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग. तो आतून फुटला की कूलंट थेट इंजिनाच्या हवेत किंवा धुरात जातं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. हेड उघडण्याआधी तो तपासायला सांगा.

इशारा: ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या. तशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

## टप्पा ७: सापडलं तेवढंच दुरुस्त करा

होज. भांडं खाली ठेवून कूलंट काढा. होज चिकटून बसला असेल तर प्लास्टिकच्या नळीवर पेचकस घालून उचकटू नका, नळीच मोडेल. जुना होज ब्लेडने उभा चिरून काढा. नळीवरचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवीन होज बसवताना आत थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा ऑइल नाही, त्याने रबर फुगतं. नळीच्या टोकाला उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही. मूळ क्लिप स्प्रिंगची असेल तर स्प्रिंगचीच लावा.

थर्मोस्टॅट. घराचं सील नवं टाका आणि दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा. सिलिकॉनची ट्यूब पिळू नका. आत निघालेले तुकडे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. काढलाच आहे तर थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात सोडून तापवा. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका. त्याच्यावर छापलेल्या अंशांना, बहुधा ८० ते ९० च्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. "वॉल्व्ह (म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढून टाकू, गाडी गार राहील" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचतं, पेट्रोल जास्त खातं आणि आतून लवकर झिजतं. गळती होती तिथेच राहते.

वॉटर पंप. काही इंजिनांत तो टायमिंग बेल्टच्या मागे असतो. तसं असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला, कारण मजुरी तीच आहे.

रेडिएटर. जुन्या पितळी रेडिएटरला डाग देऊन भागायचं. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लास्टिकच्या टाकीला ते जमत नाही. प्लास्टिकला तडा गेला असेल तर एम-सीलचं ठिगळ दाबाखाली चार दिवस टिकेल. रेडिएटर बदला.

हळद. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की बारीक गळती थांबते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. थांबते हे खरं आहे. भुकटी फुगून छिद्रात बसते. पण तीच भुकटी हीटरच्या जाळीत, रेडिएटरच्या नळ्यांत आणि टोपणाच्या झडपेतही बसते. बाजारातली गळती बंद करणारी पावडरही तसंच करते. निर्मनुष्य रस्त्यावर दुसरा इलाजच नसेल तर समजू शकतो, पण मग गॅरेजात पोचताच सांगा आणि सगळी वाट धुऊन घ्या.

## टप्पा ८: कोणतं कूलंट, किती पाणी

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी हे रंग कंपनी आपापल्या मनाने घालते. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तो घ्या, बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक छापलंय का ते पाहा. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळली तर गंजरोधक घटक निकामी होऊ शकतात, कधी गाळही बनतो. आधी काय होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन नवं भरा.

बाटलीवर 'रेडी टू यूज' आहे की 'कॉन्सन्ट्रेट' ते वाचा. सर्वाधिक चुका इथे होतात. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घातलं तर गंजरोधक अर्धं होतं. उलट कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं तरी चूक, कारण शुद्ध ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे ते कुणाला लागणार, असं वाटेल. पण गंजरोधकाचं प्रमाणही त्याच मिश्रणावर ठरलेलं असतं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच घ्या, बॅटरीत घालतात ते चालतं. मराठवाडा-विदर्भातल्या बोअरच्या पाण्याने घरच्या हीटरच्या कॉइलवर जो थर धरतो, तोच इंजिनाच्या आत धरतो.

## टप्पा ९: भरा, आणि हवा काढा

गळती दुरुस्त करूनही गाडी पुन्हा तापते, ती बहुधा आत हवा अडकल्यामुळे.

1. गाडीचं तोंड थोडं चढावर करा, म्हणजे हवा टोपणाकडे येईल.
2. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पंखा सर्वांत कमी.
3. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. कूलंट अगदी हळू ओता. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करा.
4. ओतता ओतता वरचा-खालचा होज हाताने दाबत राहा. गुडगुड आवाज येईल आणि पातळी उतरेल. पुन्हा भरा.
5. रेडिएटरवर टोपण असलेल्या गाडीत टोपण न लावता गार इंजिन सुरू करा आणि संथ चालू द्या. पातळी उतरली की भरा. कूलंट वर उसळू लागायच्या आत टोपण लावा. दाबाच्या टाकीच्या गाडीत पुस्तिकेतली पद्धत पाळा.
6. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

तपासणी: हीटरमधून गरम हवा सलग येतेय का? वरचा होज गरम झाल्यावर थोड्या वेळाने खालचाही कोमट झाला का? हीटर मधेच गार हवा फेकत असेल तर आत अजून हवा आहे. इंजिन गार करून पुन्हा पहिल्यापासून करा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर 'विष' लिहून, गॅरेजात जुनं ऑइल साठवतात तिथे द्या.

## टप्पा १०: पुन्हा दाब, पुन्हा रेघ

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर टेस्टर लावा. पंधरा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. नव्याने रेघ ओढा. पहिल्या दोन दिवसांत पातळी थोडी उतरली तर ती राहिलेली हवा निघाल्यामुळे, एकदा भरा. त्यानंतरचे पंधरा दिवस रेघ जागची हलता कामा नये. हलली तर दुसरी जागा आहे, टप्पा ४ कडे परत जा.

## वाटेतच लाल दिवा लागला तर

अनेक छोट्या गाड्यांत तापमानाची सुई नसते, गार असताना निळा आणि तापल्यावर लाल असे दोनच दिवे असतात. लाल लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. कूलंट पूर्ण गेलं असेल तर सेन्सर नुसत्या हवेत राहून चुकीचं तापमानही दाखवू शकतो. म्हणून गोड वास, बॉनेटखालून वाफ, किंवा हीटरची हवा अचानक गार, यांतलं काहीही झालं तर दिव्याची वाट पाहू नका.

सुई चढू लागली, पण लालला पोचली नसेल तर एसी बंद करा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सोडा, खिडक्या उघडा आणि रुंद, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. लाल दिवा लागलाच असेल तर हीटरच्या भरवशावर पुढे जाऊ नका. थांबा, इंजिन बंद करा, हॅझर्ड दिवे लावा, माणसांना कठड्याच्या बाजूला उतरवा.

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. तासभर तरी थांबा. वरचा होज हाताला सोसेल इतका गार आणि मऊ झाला की टोपण थोडंथोडं सैल करा आणि पाणी हळू भरा. अशा वेळी पिण्याच्या बाटलीचं पाणी चालेल. भरताक्षणी खालून धार लागली तर टो बोलवा. नुसता ठिबका असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत, एसी बंद ठेवून, दर काही किलोमीटरला थांबून जाता येईल. पोचल्यावर वाटेत किती पाणी टाकलं ते मेकॅनिकला नेमकं सांगा, म्हणजे तो नुसती गळती बंद करून थांबणार नाही, पातळ झालेलं मिश्रण काढून नवं भरेल.